वरून आपलं वावर दिसते का? खासगी अंतराळ स्थानकातून पृथ्वी पाहण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लोणार तालुक्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवतो. जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा पोरांना स्थानक दाखवायचं म्हणून आम्ही शाळेच्या गच्चीवर जमायला लागलो. पाऊसकाळ असल्यामुळे ते वर होते तेवढ्या दिवसांत ढगांना एकदाच फट पडली. स्थानक दिसलं ते चार मिनिटं, पण गच्चीवरच्या गप्पा रोज तास-दीड तास चालायच्या. पोरांपेक्षा मोठ्या माणसांचेच प्रश्न जास्त. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा यायला लागले, तेव्हा एका वहीत उतरवून ठेवले. त्यांची उत्तरं ही अशी. प्रश्नांची भाषा मुद्दाम बदललेली नाही.

पैसे भरून खरंच वर राहायला जाता येते, की बातमीच आहे?

जाता येतं. डेनिस टिटो नावाचे अमेरिकी गृहस्थ एप्रिल २००१ मध्ये रशियाच्या सोयुझ यानातून आंतरराष्ट्रीय स्थानकावर गेले आणि सगळा प्रवास धरून आठ दिवसांनी परत आले. स्वतःच्या खिशातून पैसे भरून कक्षेत गेलेला पहिला पर्यटक म्हणून त्यांचंच नाव घेतात. २००६ मध्ये अनुशेह अन्सारी गेल्या. पर्यटक म्हणून कक्षेत गेलेल्या त्या पहिल्या बाई. एप्रिल २०२२ मध्ये अॅक्सिअम या अमेरिकी कंपनीनं पूर्ण खासगी तुकडी स्थानकावर नेली. शुक्ला गेले ती मोहीमही त्याच कंपनीची, चौथी. फक्त त्यांचं तिकीट भारत सरकारनं काढलं होतं आणि ते कामाला गेले होते, फिरायला नाही.

इथे एक गल्लत नेहमी होते. ब्लू ओरिजिन या अमेरिकी कंपनीच्या न्यू शेपर्ड यानातून जी माणसं गेली, ती शंभर किलोमीटरच्या थोडं वर जाऊन दहा-अकरा मिनिटांत खाली आली. आंध्रात जन्मलेले गोपी थोटाकुरा मे २०२४ मध्ये तसेच जाऊन आले. तिथूनही काळं आकाश आणि पृथ्वीची गोलाई दिसते, पण ते उंबऱ्यातून डोकावण्यासारखं झालं. स्थानकावर जाणं म्हणजे मुक्कामाला जाणं.

मग खासगी स्थानक कुठाय? ते तर सरकारचं आहे ना?

बरोबर पकडलं. आज पर्यटक जातात ते आंतरराष्ट्रीय स्थानक अमेरिका, रशिया, युरोप, जपान आणि कॅनडा या सरकारी संस्थांचं आहे. खासगी कंपनी फक्त गाडी आणि जागा ठरवून देते. दुसऱ्याच्या वाड्यात पाहुणा म्हणून उतरावं, तसं.

हा वाडा आता जुना झाला. नोव्हेंबर २००० पासून तिथे सतत माणसं आहेत आणि २०३० च्या सुमारास तो पॅसिफिक महासागरात पाडायचं ठरलं आहे. त्याला खाली ओढणारं यान बनवायचं काम नासानं जून २०२४ मध्ये स्पेसएक्सला दिलं. त्यानंतरची जागा खासगी कंपन्यांनी भरावी, असा बेत आहे. व्हास्ट ही कॅलिफोर्नियातली कंपनी 'हेवन-१' नावाचं एका खोलीचं स्थानक बांधते आहे: चार माणसं, एका वेळी साधारण दोन आठवडे. अॅक्सिअमचं स्वतःचं स्थानक, 'स्टारलॅब' आणि 'ऑर्बिटल रीफ' हे आणखी तीन प्रकल्प. तारखा सगळ्यांच्याच पुढे सरकत आल्या आहेत. २०२५ संपलं तेव्हा माणसांनी राहावं असं एकही खासगी स्थानक कक्षेत नव्हतं. आमच्याकडच्या धरणांच्या कालव्यांची ज्यांना सवय आहे त्यांना याचं नवल वाटायचं कारण नाही.

किती पैसे लागतात?

टिटोंनी साधारण दोन कोटी डॉलर दिल्याचं सांगतात. २०२२ च्या अॅक्सिअम मोहिमेत एका जागेचे साडेपाच कोटी डॉलर पडले. आजच्या दरानं साडेचारशे कोटी रुपयांच्या वर.

हा आकडा गच्चीवर सांगितला तेव्हा कोणाच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, कारण एवढी रक्कम डोक्यात बसतच नाही. म्हणून फळ्यावर हिशोब केला. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. साडेचारशे कोटी म्हणजे साडेपाच लाख क्विंटल कापूस. कोरडवाहू वावरात एकरी सहा क्विंटल पिकला असं धरलं, तर नव्वद हजार एकरांवरची पऱ्हाटी एका माणसाच्या तिकिटात जाते, आणि तेही हमीभाव खरंच हातात पडला तर. मागून एकजण म्हणाला, "मंग सर, तो माणूस वरून पऱ्हाटीच पाहत असन."

आमचं वावर वरून दिसते का?

हा सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न, त्यामुळे याला जरा वेळ देतो.

स्थानक जमिनीपासून सुमारे चारशे किलोमीटर वर असतं. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढी वस्तू वेगळी ओळखू येते. चारशे किलोमीटरवरून त्याचं माप निघतं साधारण ११५ मीटर. पाच एकराचं चौरस वावर घेतलं तर त्याची एक बाजू भरते १४२ मीटर. म्हणजे अगदी डोक्यावरून जाताना, हवा स्वच्छ असताना, तुमचं पाच एकर एक ठिपका होईल न होईल. त्यातही शेजारच्यानं सोयाबीन पेरलं आणि तुम्हीही सोयाबीनच पेरलं, तर दोन्ही वावरं मिळून एकच हिरवा डाग. धुरा, म्हणजे बांध, दिसत नाही. घर नाही, बैलबंडी नाही, गोठा नाही.

एका आजोबांनी फार आशेनं विचारलं होतं, "गुरुजी, माहा धुरा कोणी कोरला ते दिसन का वरून?" त्यांना सांगितलं की बाबाजी, त्यासाठी मोजणीचाच अर्ज करा.

पण आपलं लोणार दिसतं. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. स्थानक बरोबर माथ्यावर असताना ते केवढं दिसेल, हे मी पोरांना असं दाखवलं: हात पूर्ण लांब करायचा आणि बोटाच्या टोकावर तिळाचा एक दाणा ठेवायचा. तेवढं. आकाशातल्या पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्या रुंदीचं. तीळ लहान वाटतो, पण काळ्या-तपकिरी बेसाल्टात गोल, मधोमध पाणी आणि भोवती झाडीची कड असं दुसरं काही जवळपास नसल्यामुळे, कुठे पाहायचं हे माहीत असेल तर नजर तिथे अडते. जून २०२० मध्ये त्या पाण्याचा रंग गुलाबी झाला होता. क्षार वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तसं झालं, असं पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत निघालं. तेव्हा वर कोणी पर्यटक नव्हता. बिचाऱ्यांचं नुकसान.

नागपूर याच मापानं हाताच्या अंतरावर धरलेल्या रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं. चंद्रपूर-वणीकडच्या उघड्या कोळसा खाणी करड्या ओरखड्यांसारख्या. मोठी लेन्स लावून काढलेल्या फोटोत अर्थात याहून खूप जास्त दिसतं. रस्ते दिसतात, गावाचा आकार दिसतो. मी सांगतोय ते नुसत्या डोळ्याचं.

चीनची भिंत दिसते म्हणतात. मग समृद्धी महामार्ग?

भिंतीची गोष्ट पाठ्यपुस्तकांनीच पसरवली. २००३ मध्ये चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई परत आले आणि त्यांनी सरळ सांगितलं की मला भिंत दिसली नाही. कारण साधं आहे. लांबी कितीही असू दे, रुंदी काही मीटर आणि रंग आजूबाजूच्या मातीचाच. समृद्धीचं थोडं बरं आहे. सरळ रेघ आहे, भोवतीच्या हिरव्यात सिमेंटचा फिका पट्टा आहे. अशी रेघ डोळ्याच्या मर्यादेहून बारीक असली तरी कधी कधी सापडते. पैज मात्र लावू नका.

एवढ्या मोठ्या पृथ्वीवर विदर्भ सापडतो कसा?

मला हा प्रश्न सगळ्यांत आवडतो. कारण इथे साडेचारशे कोटींपेक्षा सातवी-आठवीचा भूगोल कामाला येतो.

आजच्या स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करते. त्यामुळे ते आपल्यावरून कधी नैऋत्येकडून ईशान्येला, तर कधी वायव्येकडून आग्नेयेला जातं. समजा ते गोवा-कोकणाच्या बाजूनं वर येतंय. आधी निळा समुद्र, मग किनाऱ्याची पांढरट कड, लगेच सह्याद्रीची गडद पट्टी. ती ओलांडली की एकदम रंग उतरतो. घाटाच्या पलीकडचा पर्जन्यछायेचा प्रदेश, तपकिरी. इथून पुढे नद्या धरायच्या. डाव्या हाताला, उत्तरेकडे, अजिंठ्याचे डोंगर आणि सातपुडा यांच्यामध्ये पूर्णेचं सपाट खोरं, आमचा अकोला-अमरावतीकडचा काळ्या मातीचा पट्टा. सातपुड्यात गर्द हिरवा भाग दिसला की तो मेळघाट. उजवीकडे पैनगंगा वळणं घेत जाते आणि वर्धेला मिळते.

मग पूर्व विदर्भ. भंडारा, गोंदिया, गडचिरोली. इथे वरून पाहणाऱ्याला जे मिळतं ते आम्हा वऱ्हाडकरांच्या वाट्याला येत नाही. सूर्य, पाणी आणि खिडकी यांचा कोन जुळला की पाणी आरशासारखं पेटतं. आणि त्या भागात जुने मालगुजारी तलाव, ज्यांना सरकारी कागदात 'मामा तलाव' म्हणतात, हजारोंनी आहेत. एरवी एकेक तलाव डोळ्याला लागणार नाही, पण चमक असली की काही सेकंदांत ठिणग्यांची रांग पेटत जाते आणि विझत जाते. मध्येच गोसीखुर्दच्या जलाशयाचा मोठा, वेडावाकडा आरसा. त्याच्या खाली वैनगंगा धरून गेलं की चपराळ्याजवळ वर्धा येऊन मिळते, पुढे तिचं नाव प्राणहिता आणि सिरोंचाजवळ ती गोदावरीत जाते.

ज्यानं ह्या नद्या पायी ओलांडल्या आहेत, त्याला त्या वरून ओळखता येतील. परदेशी पाहुण्याला तेवढा पट्टा म्हणजे 'मध्य भारत, तपकिरी'. आमच्या वर्गात एक मुलगी आहे, तिचं आजोळ पवनीकडचं. फळ्यावर कोरा नकाशा काढून दिला की ती डोळे मिटून वैनगंगा काढते. तिकीट कोणाला द्यायचं असं मला विचारलं असतं, तर माझं उत्तर तयार आहे.

कोणत्या महिन्यात गेलेलं बरं?

जून ते सप्टेंबर ढगच ढग. ते सुंदर असतात, पण खाली काय आहे ते कळत नाही. मार्च ते मे मध्ये विदर्भ करपलेला, आणि मोहफुलं, तेंदूपत्त्याच्या दिवसांत जंगलात लागलेल्या आगींचा धूर. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडे गंगेच्या मैदानावर धुरक्याची गोधडी पसरलेली असते. माझं मत ऑक्टोबरला: पाऊस गेलेला, तलाव भरलेले, धान हिरवं-पिवळं, हवा धुतलेली. पण उड्डाणाची तारीख प्रवाशाच्या सोयीनं ठरत नाही.

आपला भाग किती वेळ दिसतो?

स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगानं जातं. सगळा विदर्भ बरोबर माथ्यावरून ओलांडायला एक मिनिट लागतं. चहा गाळून कपात ओतेपर्यंत बुलढाणा संपून बालाघाट आलेलं. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत धरलं तर दहाएक मिनिटं, पण त्यातला बराचसा वेळ तिरपा. दोन हजार किलोमीटरवरून तिरपं पाहणं म्हणजे वावर नाही, नुसती दिशा पाहणं.

"पुढच्या फेरीत पाहून घेऊ," असंही नाही. एक फेरी ९२-९३ मिनिटांची. तेवढ्यात पृथ्वी खाली २३ अंश फिरलेली असते, त्यामुळे पुढची फेरी आपल्या पश्चिमेला, अरबी समुद्राकडे सरकते. अगदी माथ्यावरून जाणारी फेरी सरासरीनं दोन दिवसांतून एखादी, त्यातली निम्मी रात्री, उरलेल्यांत ढग. दहा-बारा दिवसांच्या मुक्कामात आपलं गाव उजेडात नीट दिसण्याच्या संधी एका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्याच. त्या वेळी तुम्ही जेवत असाल, झोपलेले असाल किंवा खिडकीशी दुसरा प्रवासी असेल, तर गेली.

२०२२ मध्ये स्थानकावर गेलेल्या त्या पहिल्या खासगी तुकडीला इथे नशिबानं साथ दिली. परतीच्या ठिकाणचं हवामान बिघडल्यामुळे दहा दिवसांची मोहीम सतरा दिवसांवर गेली. एस.टी. उशिरा सुटल्याचा एवढा आनंद कोणाला झाला नसेल.

रात्री काय दिसते? अंधारच असन ना?

उलट. बऱ्याच अंतराळवीरांना रात्रीच जास्त आवडते. चोवीस तासांत पंधरा-सोळा वेळा सूर्य उगवतो आणि मावळतो. प्रत्येक फेरीत साधारण ३५ मिनिटं रात्र. शहरांचे दिवे जाळ्यासारखे पसरलेले. भारत-पाकिस्तान सीमेवरच्या फ्लडलाइटची नारिंगी रेघ स्थानकावरून काढलेल्या फोटोंत स्पष्ट दिसते. रात्री कळणारी ती मोजक्या सीमांपैकी एक. दिवसा जिल्ह्याची हद्द, राज्याची हद्द काही कळत नाही. वरुड संपून मध्य प्रदेश कुठे लागला, हे वरून कोणालाही सांगता येणार नाही.

खरी मजा विजांची. खाली बसून आपण एक वीज पाहतो आणि कानावर हात ठेवतो. वरून शेकडो किलोमीटर पसरलेल्या ढगांत इथे लखलखलं की तिकडे लखलखतं, आणि आवाज काहीच नाही. क्षितिजाला चिकटून एक बारीक हिरवी कड असते. वातावरणाच्या वरच्या थरातली हवाच शंभरेक किलोमीटरवर मंद उजळते. नवीन माणूस तिला काचेतलं प्रतिबिंब समजतो.

आणि आपलं खेडं? रात्री दिसत नाही. लोडशेडिंग असो वा नसो.

खिडकी केवढी असते?

सरकारी स्थानकाला 'क्युपोला' नावाचा सात काचांचा घुमट आहे, फेब्रुवारी २०१० मध्ये बसवलेला. बाजूला सहा काचा आणि मधली गोल, ८० सेंटिमीटर व्यासाची. आमच्याकडे मोठ्या लग्नात पुऱ्या लाटून टाकायला जी परात घेतात, जवळपास तेवढी. एका काचेमागे एक असे चार थर, आणि बाहेरून झाकणं, वापर नसला की लावायची. २०१६ मध्ये तिथल्या एका काचेवर सात मिलिमीटरचा टवका उडालेला दिसला. कारण रंगाचा कण किंवा धातूचा बारीक कपचा, धूळच म्हणा. एवढ्या वेगात धूळही गोळी होते.

खासगी कंपन्यांनी हे बरोबर ओळखलं आहे की गिऱ्हाईक पैसे देणार ते खिडकीचे. हेवन-१ ला मीटरभर रुंदीची घुमटाकार खिडकी असेल असं कंपनी सांगते. सप्टेंबर २०२१ मध्ये चार खासगी प्रवासी कोणत्याही स्थानकाला न जाता तीन दिवस यानातच फिरले, तेव्हा यानाच्या नाकाशी काचेचा घुमटच बसवला होता.

तिथे गुरुत्वाकर्षण संपते म्हणून माणूस तरंगते ना?

नाही. चारशे किलोमीटरवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या ८९ टक्के शिल्लक असतं. ज्वारीच्या वावरात मचाणावरून पाखरं हाकलायला गोफण मारली आहे ना? हळू मारली तर दगड धुऱ्याच्या अलीकडे पडतो, जोरात मारली तर शेजाऱ्याच्या वावरात. आता इतक्या जोरात मारली की दगड खाली पडतोय, पण खालची जमीनही गोल असल्यानं तेवढीच वळत चालली आहे. दगड पडतच राहतो, जमिनीला काही लागत नाही. स्थानक म्हणजे तो दगड आणि आतला माणूस त्याच्यासोबत पडतोय. विहिरीत उडी मारल्यावर पोटात जो गोळा येतो, तो दोन आठवडे.

मग ओकारी होत असन?

होते. पहिल्या दोन-तीन दिवसांत निम्म्याहून जास्त लोकांना मळमळ, डोकं जड. रक्त आणि पाणी डोक्याकडे चढतं, चेहरा सुजतो, पाय बारीक होतात, पाठ ताणली जाऊन उंची थोडी वाढते. एवढे पैसे भरून पहिले दोन दिवस पिशवी धरून बसायची तयारी ठेवावी. संडास पंख्याच्या ओढीवर चालतो, लघवीचं पाणी शुद्ध करून पुन्हा पिण्यात येतं. हे ऐकून गच्चीवर बायकांनी एकदम पदर तोंडाला लावला. भाकर नेता येत नाही, चुरा उडतो.

म्हाताऱ्या माणसाला जाता येते का? डॉक्टर पास करते?

वयाची आडकाठी वाटते तेवढी नाही. अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेन १९९८ मध्ये ७७ व्या वर्षी कक्षेत जाऊन आले. २०२१ च्या त्या चौघांत हेली आर्सेनो होत्या. लहानपणी कर्करोग झालेल्या, पायाच्या हाडात कृत्रिम भाग बसवलेला. त्या २९ वर्षांच्या होत्या. हृदय, रक्तदाब, कान, डोळे, मनाची घडण, सगळं तपासतात. जाता-येताना अंगावर आपल्याच वजनाच्या चारपट ओझं येतं. शिवाय काही महिने प्रशिक्षण. आग लागली तर काय, हवा गळायला लागली तर काय, हे पाठ करावं लागतं. मुक्काम असला तरी हॉटेल नाही ते.

जिवाला धोका?

आहे. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान परतताना तुटलं, कल्पना चावलांसह सातही जण गेले. पर्यटकांच्या जाहिरातीत हे बारीक अक्षरांत असतं. किरणोत्सर्गही जमिनीपेक्षा कितीतरी जास्त, पण दोन आठवड्यांच्या पाहुण्यासाठी ती मोठी काळजी नाही.

खाली राहणाऱ्या आपल्याला धोका कसा असतो हे विदर्भानं स्वतः पाहिलं आहे. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी आकाशातून जळत्या रेघा गेल्या. आमच्या गावात कोणी उल्का म्हणालं, कोणी विमान पडलं म्हणालं, एका घरात तर देवाजवळ दिवा लावला. थोड्याच वेळात बातमी आली की चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं कडं पडलं आहे. सुमारे तीन मीटर व्यासाचं. चीनच्या रॉकेटचा तो अवशेष असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं. अशा पडलेल्या वस्तूनं नुकसान झालं, तर रॉकेट सोडणाऱ्या देशानं भरपाई द्यायची, असा १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. वर जाणारी याने वाढणार म्हणजे खाली पडणारेही तुकडे वाढणार. पर्यटनाच्या गप्पांत हा हिशोबही धरावा. असं काही सापडलं तर हात लावू नका, तहसीलला कळवा. त्यात विषारी इंधन उरलेलं असू शकतं.

वरून पृथ्वी पाहिली की माणूस बदलते म्हणतात?

याला इंग्रजीत 'ओव्हरव्ह्यू इफेक्ट' असं नाव पडलं आहे. वातावरणाची एवढीशी पातळ कड पाहून अनेक अंतराळवीर गलबलले, हे खरं आहे. त्यांच्या बोलण्यात ते जाणवतं. पण प्रत्येक पैसेवाला वर जाऊन साधू होऊन येतो, हे मला पटत नाही. पंढरीला जाऊन आलेले सगळेच कुठे बदलतात? जो जाताना जसा गेला, तसंच बहुतेक पाहतो.

इथून बुकिंग कुठे करायचं?

गावात, तालुक्यात, नागपुरात, कुठेच नाही. 'टोकन भरा, जागा राखून ठेवतो' असं कोणी फोनवर म्हणालं तर तो ठग आहे. या कंपन्यांची गिऱ्हाइकं सध्या मुख्यतः सरकारं आणि अब्जाधीश आहेत. भारताचं स्वतःचं स्थानक २०३५ पर्यंत उभं करायचं इस्रोचं उद्दिष्ट आहे, पण तेही पर्यटनासाठी नाही.

पैसे नाहीत, जायचंही नाही. इथूनच काही पाहता येईल का?

येईल, आणि फुकट.

नासाच्या संकेतस्थळावर अंतराळवीरांनी काढलेल्या पृथ्वीच्या फोटोंचा मोठा साठा आहे. त्यात लोणार शोधा. इस्रोच्या 'भुवन' नकाशावर तर तुमचं वावर, विहीर, झाडसुद्धा सापडेल. साडेचारशे कोटी भरलेल्या माणसाच्या डोळ्याला दिसतं त्याहून जास्त.

स्थानकावरचे अंतराळवीर हौशी रेडिओवरून शाळांशी बोलतात, १४५.८०० मेगाहर्ट्झवर. माथ्यावरून जात असेल आणि नेमकं तेव्हा बोलणं चालू असेल तर साध्या हातातल्या रिसीव्हरवर त्यांचा आवाज येतो. आम्ही तीनदा प्रयत्न केला. दोनदा नुसती खरखर, एकदा मोबाइलची बॅटरी संपून वेळच चुकली. चौथ्यांदा करणार आहोत.

आणि स्थानक पाहायला तर दुर्बीणही लागत नाही. सूर्य मावळल्यावर दीड-दोन तासांत किंवा उजाडण्याआधी तेवढ्याच वेळात पाहायचं, कारण तेव्हा खाली अंधार असतो आणि वर स्थानकावर ऊन. विमानासारखे लुकलुकणारे दिवे नसतात, एकच स्थिर पांढरा ठिपका, चांगली फेरी असली तर आकाशातल्या बहुतेक ताऱ्यांपेक्षा तेजस्वी. पाच-सहा मिनिटांत आकाश ओलांडतो, कधी अर्ध्या वाटेवरच पृथ्वीच्या सावलीत शिरून विझतो. नासाच्या 'स्पॉट द स्टेशन' अॅपमध्ये गावाचं ठिकाण टाकलं की वेळ आणि दिशा मिळते. उंचीचा आकडा ४० अंशांपेक्षा जास्त असेल ती फेरी धरा, नाहीतर झाडाआड जाते. हेवन-१ सारखं एका खोलीचं खासगी स्थानक गेलं तर तेही असंच दिसेल, पण बरंच मंद. सरकारी स्थानक १०९ मीटर लांब आहे, त्याच्यापुढे ते पोर.

आमच्या गावात हे सगळ्यांत जास्त वेळा कोणी पाहिलं असेल, तर रात्रपाळीच्या लायनीवर हरभऱ्याला पाणी द्यायला जाणाऱ्यांनी. मोटर सुरू करून धुऱ्यावर बसलेले असतात, पहाटे पाचला. त्यातले एक काका मला दरवेळी सांगतात, "तुमचं ते मोटार गेलं बरं का सर, वर्धेकडे." काकांकडे अॅप नाही, घड्याळही नाही. मी घरी येऊन वेळ ताडून पाहतो, बहुतेकदा बरोबर निघते.